निकाल लागेपर्यंतचे आयुष्य

गेल्या ईदच्या दुपारची गोष्ट. चिखलीतल्या आमच्या घरी गल्लीतला एक मुलगा शीरखुर्म्याला आला. मुलगा म्हणायचे ते सवयीने, वय २७. नमाज झाली की पोरे घोळक्याने घरोघरी फिरतात. हा मात्र पाहुण्यांची वर्दळ संपल्यावर, तीनच्या सुमारास, एकटा आला. इतक्या उशिरा का, असे विचारले तर वाटीत बघत म्हणाला, "चाचा, सब एकच सवाल पूछते. क्या कर रा आजकल, लगा क्या कहीं? ईद आई के डर लगता."

बी.एस्सी. होऊन त्याला पाच वर्षे झाली. त्यातली दोन पुण्यात, कॉट बेसिसवर राहून, मेसचे जेवण जेवून गेली. तलाठी भरती, पोलीस भरती, राज्यसेवा, सगळीकडे अर्ज भरून झाले. एकदा दोन गुणांनी राहिला, एकदा परीक्षाच पुढे गेली. अब्बांचे पानाचे दुकान, अम्मीची शिलाई मशीन. बोलता बोलता म्हणाला, "घरवालोंका पैसा खाया मैंने. मैं कुछ कामका नई." आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नव्हते. पत्ता सांगावा तसे त्याने हे सांगितले.

मला धक्का बसला तो त्या वाक्याचा नव्हे, त्या सहजपणाचा. हाच मुलगा आपल्या आजारी दादीला हाताला धरून दवाखान्यात नेतो. मोहल्ल्यातले कोणी पोरगे दहावीत नापास झाले तर "पुरवणी परीक्षा आहे ना" म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. दुसऱ्या कोणाला जे वाक्य तो कधी बोलला नसता, ते स्वतःला रोज ऐकवतो. या संपादकीयाचा विषय तोच आहे.

आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि अशी मुले-मुली प्रत्येक तालुक्यात सापडतील. मेहकरच्या अभ्यासिकेत, मलकापूरच्या स्टेशनवर, खामगावहून पुण्याला निघणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये. एमआयडीसीत थोडी कामे, शेतीचा भरवसा पावसावर, आणि शिकलेल्या पोराने दुकानात बसावे हे घरालाही पटत नाही, पोरालाही नाही. मग उरते भरती. अठरा ते तीसच्या दरम्यानची वर्षे एका निकालाच्या पुढे दुसरा निकाल अशी रांगेत उभी राहून जातात. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली या वयाला, म्हणजे साधारण १८ ते २५ वर्षांना, बालपण संपलेले पण प्रौढपण हाती न आलेले असे वेगळे टप्प्याचे नाव दिले. त्यांच्यासमोर अमेरिकेतली मुले होती. आपल्याकडे हा टप्पा तिशीच्याही पुढे ताणला गेला आहे, आणि तो मुलांनी हौसेने ताणलेला नाही.

तो कसा ताणला गेला, हे आकड्यांत पाहू. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे शंभर जण धावले की एकाला वर्दी. उरलेल्या ९९ जणांत आळशी किती असतील? काही असतीलही. पण पहाटे चार वाजता उठून शेताच्या बांधावर १,६०० मीटरचा सराव करणारेही त्यांतच आहेत. जागा एक असेल तर ९९ जण बाहेर राहणारच. सगळ्यांनी दुप्पट मेहनत केली तरीही.

त्यात भर पडते ती तारखांची. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती. करोना आणि इतर कारणांनी ती पुन्हा पुन्हा पुढे गेली. १४ मार्च २०२१ ची तारीख तर तीन दिवस आधी रद्द झाली, पुण्याच्या नव्या पेठेत मुले रस्त्यावर उतरली आणि शेवटी २१ मार्चला परीक्षा झाली. २०२१ मध्येच आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला. २०२४ मध्ये नीटच्या निकालावरून देशभर वाद पेटला आणि सुमारे २४ लाख मुले जून-जुलै कोर्टाच्या तारखांकडे डोळे लावून बसली. त्याच वर्षी २५ ऑगस्टची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलली गेली आणि १ डिसेंबरला झाली. यातली प्रत्येक तारीख बातमीत एका ओळीची असते. घरात मात्र तिचा अर्थ असतो आणखी चार महिन्यांचे खोलीभाडे.

मुस्लिम मुलाच्या वाट्याला आणखी एक थर येतो. शहरात खोली शोधताना आधी नाव विचारले जाते, मग खोली "आत्ताच गेली" असे कळते. आरक्षणाचेही तसेच झाले. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांतील मागास घटकांना पाच टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील भाग थांबवला, शिक्षणातला राहू दिला. डिसेंबरात अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचा कायदा झालाच नाही. त्या सहा महिन्यांत ज्याने आशेने कागदपत्रे जमवली, त्याने चूक काय केली?

हे सगळे आमच्या त्या मुलाला ठाऊक आहे. चालू घडामोडी म्हणून त्याने ते पाठही केले आहे. पण रात्री दिवा मालवला की हिशेबात फक्त एकच आरोपी उरतो, तो स्वतः.

स्वतःवर आरोप ठेवण्याची ही सवय किती खोल असते, हे आपल्या जिल्ह्याने नुकतेच वेगळ्या रूपात पाहिले. डिसेंबर २०२४ अखेर आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडायचे. लहान मुले, बाया, म्हातारे, कॉलेजची मुले-मुली, कोणीच सुटले नाही. सुरुवातीला पाण्यावर संशय गेला, शॅम्पूवर गेला, बुरशीवर गेला. दिल्लीहून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमच्या जास्त प्रमाणाकडे बोट दाखवले. त्या दरम्यान अनेक तरुण मुलींचे कॉलेज सुटले, ठरलेल्या लग्नांवर सावट आले, लोक नजर वळवू लागले.

विशीतल्या मुलीच्या बाजूने विचार करा. कंगव्यात केसांचा पुंजका येतो आणि कारण कोणी सांगत नाही. पहिला प्रश्न मनात काय येतो? "मी काय लावले? मी काय खाल्ले? माझ्यातच काही आहे का?" जे रेशनच्या पोत्यातून येऊ शकते, ते ती आरशात शोधत बसते. कारण कळत नाही तेव्हा माणूस स्वतःला दोष देतो, कारण दोषी कोणी तरी असल्याने निदान उत्तर मिळाल्यासारखे वाटते. बेरोजगारीचे आणि निकालांचेही असेच आहे. अनिश्चितता सोसणे इतके जड जाते की "मीच नालायक" हे खोटे उत्तरही माणसाला बरे वाटते.

आता यावर उपाय म्हणून 'आत्म-करुणा' हा शब्द काढला की आमच्यातले वडीलधारे भुवया उंचावतात. पोरांना आणखी लाडावून ठेवायचे काय? मीही एके काळी असेच म्हटले असते. म्हणून आधी शब्दाचा अर्थ नीट सांगतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून या विषयाचा अभ्यास मांडला. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत. स्वतःला झोडपण्याऐवजी स्वतःशी ममतेने बोलणे. आपले अपयश ही आपल्या एकट्यावर आलेली आपत्ती नसून माणसाच्या जगण्याचा भाग आहे, हे ओळखणे. आणि मनात जे दुखते आहे ते दाबूनही न टाकता, फुगवूनही न घेता जसे आहे तसे पाहणे. उर्दूत एका शब्दात सांगायचे तर, स्वतःवर रहम.

रहम म्हणजे सूट नव्हे. मास्तर दोन प्रकारचे असतात. एक वही फाडून तोंडावर फेकतो. दुसरा म्हणतो, "इथे चुकले, ये, पुन्हा सोडवू." दोघांनाही उत्तर बरोबरच हवे असते, पण गणित कोणाकडून शिकलो ते आपल्याला आठवते. अभ्यास कमी पडला असेल तर तसे स्वतःला सांगणे हीसुद्धा करुणाच. "यंदा इतिहासाला वेळ दिला नाही" हे कबूल करता येते, त्यावर काम करता येते. "मी कुछ कामका नई" यावर काय काम करणार?

हे सगळे पश्चिमेकडून आलेले फॅड आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच इतिहासात डोकवावे. अबू झैद अल-बल्खी हे आजच्या अफगाणिस्तानातील बल्खचे विद्वान. इ.स. ९३४ मध्ये ते वारले. शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला आणि मनालाही शरीरासारखेच आजार होतात, त्यांवर इलाज असतो, असे स्पष्ट मांडले. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण सापडत नसलेले दुःख, असा फरकही त्यांनी केला. त्यांची एक सूचना मला फार व्यवहारी वाटते. आपण घरात अडीअडचणीसाठी औषधे ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, म्हणजे वाईट वेळी ते हाताशी असतात. हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आहे.

दुसरे उदाहरण इमाम गझाली यांचे. १०९५ साली ते बगदादच्या निझामियात शिकवत होते, वय ३७, कीर्ती शिखरावर. आणि अचानक त्यांची जीभ चालेना. वर्गात शब्द फुटेना, अन्न पचेना. हकिमांनी सांगितले की आजाराचे मूळ अंतःकरणात आहे. गझालींनी पद सोडले आणि पुढची दहाएक वर्षे दमास्कस, जेरुसलेम, मक्का आणि आपले गाव तूस अशी काढली. ज्या ग्रंथांसाठी जग त्यांना ओळखते, त्यांतला मोठा भाग याच काळातला. आजच्या आमच्या मोहल्ल्यात कोणी ३७ व्या वर्षी मोठी नोकरी सोडून घरी बसला असता तर आपण काय म्हटले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा. आणि हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले, लपवले नाही.

तरुण मित्र-मैत्रिणींनो, आता थोडे तुमच्याशी. उपदेशाचा अधिकार मला नाही, पण अनुभव आहे. नव्वदच्या दशकात डी.एड. करून मी दोन वर्षे घरी होतो. नेमणुकीची यादी आज लागेल, उद्या लागेल. मी मागच्या गल्लीने जाऊ लागलो, लग्नाच्या दावती टाळू लागलो. वडील काही बोलत नसत. त्यांच्या न बोलण्याचाही मी वाईट अर्थ काढत असे. त्या दोन वर्षांत नोकरी नव्हती याचे आज मला दुःख नाही. ती दोन वर्षे मी जगलोच नाही, याचे आहे. म्हणून जे उशिरा समजले ते सांगतो.

पहिली गोष्ट, एका कागदावर दोन रकाने करा. एकात आपल्या हातातले लिहा: रोजचे तास, सराव, झोप, अर्जाची मुदत. दुसऱ्यात हाताबाहेरचे: जागा किती, तारीख केव्हा, पेपर फुटतो की नाही, कोर्ट काय म्हणते. पहिल्या रकान्याचा हिशेब स्वतःकडून रोज घ्या, पण दुसऱ्याचा घेऊ नका. उंट बांधणे आपले काम, त्यापुढचे अल्लाहवर सोपवणे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपली गफलत अशी की उंट बांधूनही रात्रभर स्वतःला शिव्या देत जागतो.

दुसरी, मुदत ठरवा. किती प्रयत्न, कोणत्या वर्षापर्यंत, हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवा आणि घरात सांगा. मुदत संपल्यावर वाट बदलणे म्हणजे हरणे नव्हे. आणि त्या मुदतीच्या आतही थोडी कमाई, एखादे कौशल्य, एखादी शिकवणी चालू ठेवा. दिवसाचे दोन तास दुसऱ्या कामात गेल्याने अधिकारीपद जात नाही, पण हातात स्वतःचे चार पैसे असले की स्वतःशी बोलण्याचा सूर बदलतो.

तिसरी, एकटे राहू नका. ज्या गावात सगळ्यांचे केस गेले, तिथे टोपी काढायला शेजाऱ्यासमोर लाज वाटण्याचे कारण उरत नाही. तुमच्या अभ्यासिकेतल्या प्रत्येक टेबलावर हेच दुःख बसलेले आहे, फक्त प्रत्येकाने ते पुस्तकाआड ठेवले आहे. आठवड्यातून एक तास अभ्यासाव्यतिरिक्त बोला. कोणी तरी आधी सुरुवात करावी लागते.

चौथी, दुखणे वाढले तर मदत घ्या. आठवडे-आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगून काय करायचे असे विचार येतात, तेव्हा हा धीराचा प्रश्न नसतो, इलाजाचा असतो. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की चोवीस तासांत केव्हाही, मराठीतही, समुपदेशकाशी बोलता येते. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ लोकांनी आयुष्य संपवल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत एक तृतीयांशाहून अधिक १८ ते ३० वयोगटातले होते, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. यातले कित्येक जण वेळेवर कोणाशी बोलते तर आज आपल्यात असते. पोलीस केस होईल या भीतीने घरे गप्प बसतात. तर हेही माहीत असू द्या की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न मानता तणावाखालचा माणूस मानले आहे आणि त्याची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

दर्ग्यांविषयीही बोलले पाहिजे. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मन बिघडलेल्या माणसांना घेऊन सर्व धर्मांचे लोक येतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करणाऱ्यांतला मी नाही. ज्या कुटुंबाला कोणीच दार उघडले नाही, त्याला तिथे निदान बसायला जागा मिळते. पण दुआ आणि दवा यांचे भांडण लावायची गरज नाही. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्याच्या परिसरात मानसोपचारतज्ज्ञ बसतात आणि मुजावरच रुग्णांना त्यांच्याकडे पाठवतात. 'दवा-दुआ' असे त्या उपक्रमाला म्हणतात. आपल्या जिल्ह्यातही असे होऊ शकते. त्यासाठी आपण मागणी केली पाहिजे.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. मुलगा निकालाची वाट पाहतो, मुलगी निकालाची आणि रिश्त्याची. "यंदा नाही झाले तर हात पिवळे करू" या एका वाक्याखाली ती परीक्षेला बसते. तिच्या अपयशाला दुसरी संधी नसते आणि यशालाही अटी असतात. स्वतःवर रहम करायला तिला सांगण्यापूर्वी तिच्या घराने तिला दोन वर्षे आणि एक स्वतंत्र टेबल द्यावे.

खरे तर ही सगळी जबाबदारी तरुणांच्याच मनावर टाकून मोकळे होणे हाही एक अन्यायच आहे. मन सांभाळायला शिकवणे म्हणजे अन्याय सोसायला शिकवणे नव्हे. परीक्षांचे वेळापत्रक जाहीर व्हावे आणि पाळले जावे, रिक्त पदे वेळेवर भरावीत, पेपर फोडणाऱ्यांना शिक्षा व्हावी, तालुक्याला समुपदेशक मिळावा, या मागण्या सोडायच्या नाहीत. किंबहुना जो स्वतःलाच आरोपी समजतो, तो या मागण्या करू शकत नाही. ज्याने स्वतःला माफ केले, तोच ताठ उभा राहून सरकारला प्रश्न विचारू शकतो.

आणि मोठ्यांनो, आपलाही एक वाटा आहे. ईदला, लग्नाला, जनाजाहून परतताना आपण जो प्रश्न सहज फेकतो, "काय, लागली का नोकरी?", तो त्या पोराने त्या दिवसात दहाव्यांदा ऐकलेला असतो. नोकरी लागली तर पेढे आधी तुमच्याच घरी येतील, खात्री बाळगा. तोवर दुसरे काही विचारा. दादीची तब्येत कशी आहे, क्रिकेट खेळतोस का, सध्या काय वाचतोस. मस्जिदीच्या आवारात, शादीखान्यात एखादी खोली अभ्यासिकेसाठी रात्री उघडी ठेवा. जुम्म्याच्या बयानात वर्षातून दोनदा तरी थकलेल्या मनाविषयी बोलायला इमामसाहेबांना सांगा.

तो मुलगा त्या दिवशी शीरखुर्म्याची दुसरी वाटी घेऊन गेला. त्यानंतर मी एकदा त्याच्या अभ्यासिकेत जाऊन आलो. त्याला नोकरी लागलेली नाही. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या दहावीच्या सहा मुलांना तो गणित शिकवतो, सकाळी अभ्यास करतो, आणि पुढच्या जाहिरातीची वाट पाहतो. त्यातल्या एका मुलाला घटक चाचणीत कमी गुण पडले तेव्हा हा त्याला म्हणाला, "अरे, होता है. बैठ, फिरसे करते." मी दारात उभा होतो. म्हटले, "बेटा, हेच कधी तरी स्वतःलाही म्हणत जा."

तो हसला. म्हणाला, "कोशिश करता, चाचा."